चार तासांनंतरचे मूल

शाळा सुटल्यावर मुलाचा वेळ कोणाच्या मालकीचा, हा प्रश्न आपल्या मोहल्ल्यात सहसा कोणी विचारत नाही, कारण उत्तर आधीच ठरलेले असते. असरनंतर मक्तब, मगरिबनंतर शिकवणी, अधल्यामधल्या वेळात दुकानावर डबा पोचवायचा. मुलगी असेल तर धाकटा भाऊ कडेवर. यांतले प्रत्येक काम मुलाच्या किंवा घराच्या भल्याचेच असते, म्हणून तक्रार कोणाची करायची?

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन ठरवून दिले. म्हणजे दिवसाला सरासरी चार तास. कृतीतून, शोधातून आणि भीतीवाचून शिकवावे, असेही तोच कायदा २९ व्या कलमात सांगतो. पुढे २०१६ साली बालकामगार कायद्यात दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालील मुलांना कामाला ठेवण्यावर बंदी आली, पण घरच्या धोकादायक नसलेल्या धंद्यात शाळेच्या वेळेनंतर मदत करण्याची मुभा राहिली. चार तास शाळेचे, उरलेले घराच्या मर्जीवर.

यावर आपल्यापैकी कोणी म्हणेल, बागवानाच्या, आताराच्या, तांबोळ्याच्या पोराला दुकानासारखी शाळा कुठली? हे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळांत हल्ली मुलांचा बाजार भरवतात. त्या दिवशी वर्गात मागे बसणारे बागवानाचे पोर मेथीच्या जुड्यांचा हिशेब तोंडी करते आणि पहिला नंबरवाला बोटे मोजत राहतो. घरच्या हुन्नराला वर्गात इज्जत मिळते ती अशा वेळी. एरवी ‘प्रकल्प’ म्हणजे स्टेशनरीच्या दुकानातून आणलेली चित्रे आणि अम्मीने रात्री जागून केलेले चिकटकाम. ते सर्जनशील असलेच तर अम्मीपुरते.

पण दुकान आणि वर्गातला बाजार यांत एक फरक आहे. दुकानात चुकलेला हिशेब अब्बांच्या खिशातून जातो आणि पोराला बोलणी बसतात. वर्गात चुकले तर पुन्हा मोजायचे, एवढेच. मातीचा बैल तीन पायांचा झाला तरी कोणाचे नुकसान नाही. जिथे चूक फुकट असते तिथेच मूल नवे काही करून पाहते. बिनफायद्याच्या कामाचा मुलाला हक्क आहे की ती खात्यापित्या घरांची चैन आहे, हा आमच्या मते खरा नैतिक प्रश्न आहे.

या प्रश्नाला आपल्याकडे जुने उत्तर आहे. इमाम गझाली (मृत्यू ११११) यांनी ‘इह्या उलूमुद्दीन’मध्ये मुलांच्या तरबियतीविषयी लिहिताना सांगितले आहे की, मक्तबमधून सुटल्यावर मुलाला चांगले खेळ खेळू द्यावेत, खेळ बंद करून सतत अभ्यासाला जुंपले तर त्याचे मन मरते आणि बुद्धी मंदावते. हे सांगणारा माणूस इल्मला कमी लेखणारा नव्हता.

अर्थात गरीब घराला असा उपदेश करणे सोपे आहे. संध्याकाळच्या चित्रकलेच्या वर्गाला पोरगी आली तर भावाला कोण सांभाळणार? या अडचणीचा विचार आपल्या महाराष्ट्रात फार पूर्वी झाला आहे. १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आदिवासी मुलांसाठी काम सुरू केले, पुढे ते कोसबाडला गेले. मुले गुरे राखायला जातात म्हणून शाळाच कुरणात नेली, तिचे नाव कुरणशाळा. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा त्यांनी एकाच आवारात आणल्या, म्हणजे बहिणीने वर्गात बसावे आणि भावाने जवळच खेळावे. मुलाच्या कामाला त्यांनी दोष दिला नाही, त्याच्याभोवती शाळा रचली.

आपल्या वस्त्यांत मशिदीला लागून मक्तबची खोली असते, कुठे समाजाचा शादीखाना असतो. लग्नसराई सोडली तर तो बरेच दिवस बंदच असतो. आठवड्यातून दोन दिवस नाजरा अर्ध्या तासाने आटोपता येईल का, हे मौलवीसाहेबांना विचारायला हरकत नाही. शादीखान्याची किल्ली जमातीकडे मागायची. चिकणमाती, जुनी वर्तमानपत्रे, लगोरीच्या सात चकत्या. खर्च म्हणावा असा नाही. आणि कोपऱ्यात एक सतरंजी, कडेवरच्या भावांसाठी.