आजाराचे पासबुक

वाणिज्य शाखेची पदवी घेऊन माणसाला जगाविषयी फारसे काही कळत नाही. पण एक गोष्ट मात्र कायमची कळते. लोकांनी बँकेत ठेवलेला पैसा बँकेचा नसतो. पटत नसेल तर कोणत्याही बँकेचा ताळेबंद उघडून पाहा. ठेवी 'मालमत्ता' या बाजूला सापडायच्या नाहीत, 'देणी' या बाजूला सापडतील. आमच्यासारखा कारकून काउंटरपलीकडच्या म्हाताऱ्याला ज्या रुबाबात 'उद्या या' म्हणतो, तो पाहून कोणालाही वाटावे की म्हातारा कर्ज मागायला आला आहे. वस्तुतः कर्ज आम्ही घेतलेले असते, तेही त्याच्याकडून! चंद्रपूरच्या उन्हात अर्धा तास रांगेत तापलेला एक म्हातारा मला म्हणालाही होता, "पैसे तं माजेच हायेत ना जी!" अख्ख्या बी.कॉम.चा सारांश त्याने एका वाक्यात सांगितला.

हे आठवायचे कारण म्हणजे सध्या चाललेली आरोग्याच्या नोंदींची संगणकीय धामधूम. २०२१ साली आयुष्मान भारत डिजिटल मिशन सुरू झाले आणि माणसाला 'आभा' नावाचा चौदा आकडी क्रमांक मिळू लागला. आधार बारा आकडी, पॅन दहा अक्षरी, त्यात हा चौदा आकडी. आता स्वतःचे नाव विसरले तरी चालेल. चेष्टा सोडा, हेतू चांगलाच आहे. आपल्याकडे रुग्णाचा जुना कागद हा बहुधा डबा गुंडाळायच्या कामी आलेला असतो. अशा लाखो नोंदी एकत्र आल्या तर कोणता आजार कुठे, कोणाला आणि का होतो हे संशोधकांना उमगेल. माझा प्रश्न कारकुनी आहे. ही जमा झालेली माहिती ताळेबंदात कोणत्या बाजूला लिहायची?

उत्तर शोधायला दिल्लीला जायचे कारण नाही. १९८२ साली चंद्रपुरातून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यात डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी 'सर्च' ही संस्था काढली, तेव्हा त्या जंगलात संगणक कुठला असणार? वही होती. वहीतून निघाले काय, तर १९८८ साली जन्मलेल्या दर हजार बाळांमागे १२१ बाळे पहिला वाढदिवस न पाहताच जात होती. गावातला माणूस जन्म-मृत्यू लिही, आणि दर सहा महिन्यांनी घरोघर फेरी होऊन सुटलेली नोंद धरली जाई. आमच्याकडे याला ऑडिट म्हणतात. फरक एवढाच, की आमच्या ऑडिटात सापडते ती रक्कम, आणि इथे सापडायचे ते कोणाचे तरी न लिहिलेले बाळ.

आता खरी अडचण ऐका. पुढे नवजात बाळांना घरीच उपचार देऊन पाहायचे ठरले. ३९ गावांत तिथल्याच पाच-दहा इयत्ता शिकलेल्या बायकांना शिकवून तयार केले. त्या बाळंतिणीच्या घरी जात, बाळाचे वजन करीत, जंतुसंसर्ग ओळखीत, वेळ पडल्यास इंजेक्शनही देत. शिवाय ४७ गावे तुलनेसाठी धरली. तिथे सरकारी सेवा होती तशी राहिली, ही नवी सेवा नव्हती. नोंद मात्र तितकीच चोख. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये निकाल छापून आला : तुलनेच्या गावांच्या हिशेबाने पाहता नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते.

हा ६२ चा आकडा दोन पायांवर उभा आहे. ३९ गावांतली वाचलेली बाळे आपल्याला दिसतात. दुसरा पाय ४७ गावांत आहे. तिथली गेलेली बाळे नीट मोजली नसती, तर कोणीही शहाणा उठून म्हणाला असता, "त्या वर्षी पाऊस बरा झाला असेल हो!" मोजल्याशिवाय खात्री नाही आणि खात्रीशिवाय सरकार हलत नाही, हे मला मान्य आहे. ते संशोधन करायला नको होते, असे मी म्हणणार नाही. पण जिच्या घरी फक्त नोंद पोहोचली त्या बाईने जगाला काहीतरी उसने दिले, हेही कुठेतरी लिहिलेले असायला हवे. परतफेड झाली नाही असे नाही. २०११ साली केंद्र सरकारने ही घरपोच काळजी आशाताईंकरवी देशभर नेली. छापील निकालानंतर बारा वर्षांनी! आमच्या बँकेतसुद्धा इतका उशीर झाला तर मोठ्या साहेबांना पत्र जाते.

आणि सगळ्या ठेवी काही अशा नसतात, की परतफेड देशभर वाटून मोकळे व्हावे. सिकलसेलचे घ्या. त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम जुलै २०२३ मध्ये सुरू झाली. सात कोटी माणसे तपासायचे उद्दिष्ट आहे. या आजाराचा वाहक स्वतः ठणठणीत असतो; पण नवरा-बायको दोघेही वाहक निघाले, तर प्रत्येक खेपेला बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक. म्हणजे एटापल्लीकडच्या एखाद्या मुलीच्या रक्ताची नोंद संशोधकाला हवी, डॉक्टरला हवी, आणि तिला बघायला आलेल्या मंडळींना तर फारच हवी! संगणकवाले सांगतात, काळजी नको, आम्ही नाव गाळतो. पुण्यात ठीक आहे. पुण्यात नाव न गाळताही शेजाऱ्याला शेजारी ओळखत नाही. पण चाळीस उंबऱ्यांच्या पाड्यावर गाव, वय आणि आजार एवढे सांगितले की नाव गाळून उपयोग काय? ते शेजारची आजी भरून देते.

हे सारे मी आमच्या शाखेतल्या साहेबांना डबा खाताना ऐकवले. ते म्हणाले, "अहो, प्रत्येकाला परत सांगत बसलं तर संशोधन करायचं कधी?"

"साहेब, दहा वर्षं ज्या ठेवीला कोणी हात लावला नाही तीसुद्धा आपण गिळत नाही. रिझर्व्ह बँकेच्या निधीत पाठवतो, आणि तरी खातेदार आला की देतो. २०२३ पासून तर त्याला शोधायला 'उद्गम' नावाचं पोर्टलच काढलंय."

"ते पैशाचं झालं. रक्ताच्या तपासणीचं काय परत देणार?"

"निदान पासबुक, साहेब. काय लिहिलं, कोणी पाहिलं, त्यातून काय कळलं. माडियात, गोंडीत, तोंडी सांगितलं तरी चालेल."

साहेबांनी लोणच्याची फोड संपवली, डब्याला झाकण लावले आणि म्हणाले, "आपलं पासबुकाचं मशीन किती दिवसांपासून बंद आहे हो?"