उपदेश कोणाला ऐकू येतो?

उदासीवर गोळी घेणं म्हणजे श्रद्धा कमी पडल्याची कबुली, ही समजूत परळ-लालबागच्या चाळींत अजून मुरलेली आहे. मंगळवारी सिद्धिविनायकाच्या रांगेत उजळ माथ्याने उभं राहणारं घर केईएम रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीचा केसपेपर मात्र गादीखाली सारतं. खरं तर या शहराला ही सेवा नवी नाही; जे. जे. रुग्णालयात डॉ. के. के. मसानी यांनी ती 1938 सालीच सुरू केली. आणि परंपरा म्हणाल, तर चरकसंहितेत उपचार तीन प्रकारचे सांगितलेत: दैवव्यपाश्रय, युक्तिव्यपाश्रय, सत्त्वावजय. जप-होम, आहार-औषध आणि मनाचा निग्रह, तिन्ही एकाच पंगतीत.

यावर कोणी म्हणेल, समर्थ रामदासांनी 205 श्लोकांत मनाला समजावलंच ना? समजावलं, पण ऐकू शकणाऱ्या मनाला. नैराश्यात ऐकणाराच आजारी असतो. पहाटे तीनला जाग येते, समोरचा चहा साय धरतो, हात कपापर्यंत जात नाही. औषधाचा गुण दिसायला बहुधा दोन ते चार आठवडे लागतात. मग कुठे उपदेश कानात शिरतो. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: मग प्रत्येक दुःख आजारच ठरवायचं का? मुळीच नाही. 1982च्या गिरणी संपानंतर गिरणगावावर आलेली अवकळा गोळीने हटणारी नव्हती, तिथे रोजगारच हवा होता. मात्र त्याच घरात ज्याची झोप-भूक महिनोन् महिने हरपली, त्याला कामाइतकाच डॉक्टरही हवा होता.