पटावर नाव कोणाचे?

शास्त्रग्रंथ उघडला की आधी विचारायचे, याचा अधिकारी कोण? ते ठरल्यावाचून पुढचे पान उलटायचे नाही, ही आमच्या पाठशाळेची शिस्त. तोच प्रश्न आज आम्ही एखाद्या लहानशा विशेष शाळेच्या दारात मांडतो. खोल्या दोन, शिक्षक मोजके. तेथे प्रवेशाचा अधिकारी कोण?

मुंबईत १९४४ साली होर्मसजी व दीना वकील या दांपत्याने आपली कन्या जय हिच्यासाठी शाळा काढली. जयला डाउन सिंड्रोम होता. ती जय वकील शाळा आज शिवडीस आहे. येथे मूल आधी होते, शाळा मागाहून त्याच्या मापाने बेतली गेली. हा क्रम ध्यानी धरावा.

पुढे कायदे झाले. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात २१ झाले. स्वमग्नता आधीच्या यादीत नव्हती, ती आली. ६ ते १८ वर्षांच्या मुलास ४० टक्के वा अधिक अपंगत्व असेल, तर शेजारच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, जे निवडील तेथे, मोफत शिक्षणाचा हक्क आहे. बरे झाले. पण तालुक्यात विशेष शाळाच नसेल तर निवडायचे काय?

शाळा असली तरी एका वर्गात किती तऱ्हा! एक बोलतो, एकाला बसवत नाही, एक दार उघडे दिसले की पळतो. त्यात सोलापूरसारखे शहर. घरोघर मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू. घरी ‘नीरु’ म्हणून पाणी मागणारे पोर शाळेत मुके ठरते, आणि त्याच्या नावापुढे ‘बोलत नाही’ असा शेरा पडतो. अहो, बोलत होते की!

बाई म्हणतात, “त्या पळणाऱ्याला घेतले तर मी त्याच्यापाशीच अडकते. बाकीच्यांनी काय करावे?” हा आक्षेप खरा आहे. समत्वाचे नाव घेऊन तो उडवता येत नाही. पंगतीत दात पडलेल्या म्हाताऱ्याला भाकरी कुस्करून वाढतात, त्याला कोणी पक्षपात म्हणत नाही. परंतु कुस्करायला वाढपी मोकळा हवा. मुले एकमेकांना शिकवतात हेही खरे, पण तेवढ्या भरवशावर शिक्षक कमी नेमणे ही शुद्ध लबाडी.

म्हणोन आमचे मत असे. शाळेवर नाही म्हणण्याची वेळ येईल. पण ‘हे मूल शिकण्याजोगे नाही’ असे म्हणू नये. त्या आईला ‘आमच्यापाशी माणूस नाही’ असे सांगावे. उणीव ज्याची, त्याच्याच नावावर राहू द्यावी. आणि परत गेलेल्या मुलाचे नाव, वय, घरची भाषा वहीत टिपून ठेवावी. दुसरी बाई मागण्याचा अर्ज पुढच्या वर्षी करायचा, तेव्हा ती वही सोबत जोडता येते.