शाळेची पत

कर्जदाराची आम्ही बँकेत करत नाही एवढी चौकशी आईबाप शाळेची करतात. निकाल, फी, बस. झालंच तर शिपायाला गाठून आतली बातमी! प्रवेशासाठी मुलांना-पालकांना चाळणी लावायला शाळांना २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने बंदी केली. पालकांच्या चाळणीला बंदी नाही. शेवटचा प्रश्न तर दबक्या आवाजातच : "मुलं कुठल्या घरातली येतात हो?"

त्याच कायद्याने खासगी शाळांतही २५ टक्के जागा दुर्बल, वंचित घरांतल्या मुलांना दिल्या. म्हणजे बंड्याच्या बाकावर कोण बसेल, हे आपल्या हाती राहिलं नाही. परवा बंड्या शेजाऱ्याच्या डब्यातली भाकरी खाऊन आला आणि घरीही भाकरीच मागू लागला. आमच्या हिने कपाळाला हात लावला.

म्हटलं, "अगं, माझं लहानपण भाकरीवरच गेलं."

"म्हणूनच कारकून राहिलात!"