कुंपणावरची हजेरी

कोविड महामारीच्या छायाचित्रांची उजळणी निघाली की फुटबॉलच्या वाट्याला हमखास एकच चित्र येते: रिकामे स्टेडियम. हजारो रंगीत खुर्च्या, मधोमध हिरवेगार मैदान आणि खाली 'पोकळी' किंवा 'नीरवता' अशा एखाद्या शब्दाभोवती विणलेल्या दोन ओळी. चित्र देखणे असते, म्हणून ते पुन्हा पुन्हा छापले जाते आणि हळूहळू त्या काळाचे सार ठरते. फुटबॉलच्या फार थोड्या भागाचे ते सार आहे. जो भाग त्यात येत नाही, तिथेच त्या दोन वर्षांत कॅमेऱ्याला काही नवे गवसले.

१० जानेवारी २०२१ चा दिवस. इंग्लंडमध्ये तिसरी टाळेबंदी जाहीर होऊन आठवडाही उलटला नव्हता. लिव्हरपूलच्या उत्तरेला, समुद्रालगतच्या क्रॉस्बीमध्ये, मरीन हा आठव्या श्रेणीतला क्लब एफए कपच्या तिसऱ्या फेरीत टॉटनहॅम हॉटस्परसमोर उभा राहिला. दोन संघांमध्ये १६१ क्रमांकांचे अंतर होते; या स्पर्धेत इतके विषम द्वंद्व आधी झालेले नव्हते. मैदानात प्रेक्षकांना बंदी होती. पण मरीनच्या मैदानाच्या एका अंगाला घरांची परसे थेट येऊन भिडतात. मध्ये कुंपण आणि चेंडू अडवणारी जाळी, एवढेच. त्या दिवशी लोक परसात खुर्च्या टाकून बसले, शिड्यांवर चढले, कुंपणावरून माना उंचावून पाहत राहिले. एका परसात तर लिव्हरपूलचे तेव्हाचे प्रशिक्षक युर्गन क्लॉप यांची पुठ्ठ्याची प्रतिमा उभी होती, टॉटनहॅमचे प्रशिक्षक जोझे मोरिन्यो यांना डिवचायला. मरीनवर पाच गोल झाले, त्यांना एकही करता आला नाही. चर्चा मात्र त्या परसांची झाली.

ही छायाचित्रे 'गोड' म्हणून बाजूला सारणारे एक मत आहे. ते गंभीर वाटते, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवे. त्याचे म्हणणे असे, की पाठीराखा म्हणजे मुळात गर्दी. गर्दीतून सुटा काढला की तो खुर्चीत बसलेला कुणी शेजारी उरतो. तेव्हा महामारीने जे हिरावले त्याचे प्रामाणिक चित्र रिकाम्या खुर्च्यांचेच. कुंपणावरचा हसरा चेहरा हा दिलासा आहे, दस्तावेज नाही.

या मताने मोठ्या क्लबांचा अनुभव साऱ्या फुटबॉलवर पांघरला आहे. आठव्या श्रेणीच्या सामन्याला काही शे माणसे येतात. तिथे गर्दी कधी नसतेच. तिथे हजेरी असते. कोण कुठल्या कठड्याला टेकून उभा राहतो, मध्यंतराला चहा कोण ओतते, कोण आज आलेला नाही आणि का, हे सगळ्यांना ठाऊक असते. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील किंवा दिलबहार तालमीचा फुटबॉल सामना पाहिलेल्याला हे समजावून सांगावे लागणार नाही. तिथे हजारोंची गर्दी असते, तरी पेठेतली माणसे एकमेकांची हजेरी घेतच असतात.

गर्दीत एक माणूस हलवून दुसरा बसवला तर चित्र बदलत नाही. हजेरीत बदलते. साऱ्या वादाचे मूळ इथे आहे.

शिवाय कॅमेरा आणि फुटबॉलची गर्दी यांचे नाते निष्पाप कधीच नव्हते. १९८९ च्या हिल्सबरो मैदानावरील चेंगराचेंगरीत लिव्हरपूलचे ९७ पाठीराखे गेले. जाळीवर चिरडलेल्या माणसांची छायाचित्रे वृत्तपत्रांनी छापली आणि त्यांच्यातल्या एकाने दोष त्या माणसांवरच ढकलला. क्रॉस्बी लिव्हरपूलपासून दूरचे गाव नाही. हा इतिहास तिथे घराघरात आहे. महामारीत पाठीराखा पुन्हा संशयित झाला. १९ फेब्रुवारी २०२० रोजी मिलानमध्ये झालेल्या अटलांटा विरुद्ध व्हॅलेन्सिया सामन्याला बेर्गामोहून हजारो लोक गेले होते. पुढे साथीत बेर्गामोवर जे ओढवले, त्याच्या कारणांत हा सामनाही मोजला गेला. ती भीती खरी होती. ती नाकारून या छायाचित्रांची बाजू घेता येणार नाही.

पण भीतीनेच भिंगाचा प्रश्न ऐरणीवर आणला. एप्रिल २०२० मध्ये डेन्मार्कच्या दोन वृत्तछायाचित्रकारांनी एकाच जागची माणसे एकदा लांब पल्ल्याच्या भिंगाने आणि एकदा रुंद भिंगाने टिपून दाखवली. पहिल्यात माणसे एकमेकांना खेटलेली, दुसऱ्यात चांगले अंतर राखून उभी. आपल्याकडे 'गर्दी करू नका' हे वाक्य दिवसभर कानांवर आदळत होते, त्याच दिवसांतली ही गोष्ट. गर्दी काही वेळा रस्त्यावर असते, काही वेळा भिंगात.

रुंद भिंगाने मागे सरकून पाहिले की माणसाबरोबर त्याची जागाही चित्रात येते. हान्स व्हान डेर मेयर या डच छायाचित्रकाराने हे आधीच, स्वेच्छेने केले होते. युरोपातल्या खालच्या श्रेणींचे सामने त्याने दुरून, उंचावरून टिपले. त्याच्या चित्रांत खेळाडूंइतकीच मागची घरे, झाडे आणि चार-दोन बघे बोलतात. महामारीने ते अंतर सगळ्यांवर लादले. म्हणून मरीनच्या परसांत खिडक्या दिसतात, शेड दिसते आणि कुणाच्या शेजारी कोण बसले आहे तेही दिसते.

याउलट जर्मनीत मोन्शेनग्लाडबाख क्लबने प्रत्येकी १९ युरो घेऊन पाठीराख्यांच्या पुठ्ठ्याच्या प्रतिमा रिकाम्या खुर्च्यांवर बसवल्या. त्यामागची माया खरी होती. प्रत्येक प्रतिमेवर खरा चेहरा होता. तरी परिणाम गर्दीचाच झाला. प्रक्षेपणात मिसळलेल्या ध्वनिमुद्रित आरोळ्यांबद्दल तर बोलायलाही नको.

एक आक्षेप मात्र टोचत राहतो. परसातली माणसे मैदानालगत राहत होती म्हणून चित्रात आली. त्यांतली काही लिव्हरपूलची असतील, मरीनची नसतील. वर्षानुवर्षे कठड्याला टेकून उभा राहणारा, गावाच्या दुसऱ्या टोकाचा माणूस घरी दूरचित्रवाणीसमोर होता. मरीनने या सामन्यासाठी काढलेली आभासी तिकिटे ३० हजारांवर विकली गेली, त्यांत त्याचेही एक असेल. पण त्याचे छायाचित्र नाही. हा आक्षेप मान्य केला तरी रिकाम्या खुर्च्यांची बाजू सावरत नाही. हजारो सारख्या खुर्च्यांतून त्या एका माणसाची उणीव कुणाला कळणार? कठड्याची मोकळी जागा क्लबातल्या कुणी पाहिली, तर तो लगेच नाव सांगेल.

म्हणून या चित्रांखालच्या ओळी बदलायला हव्यात. 'परसातून सामना पाहणारे चाहते' एवढ्यावर त्या थांबतात. क्लबातल्या जुन्या माणसांना ही चित्रे दाखवून कोण कोण आहे आणि कोण नाही हे आजही लिहून घेता येईल. त्यांच्याकडे त्या हंगामाचे दुसरे फारसे काही उरलेले नाही. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी त्या श्रेणीच्या साखळी स्पर्धा अर्ध्यावर रद्द झाल्या. मरीनचे बरेच सामने खेळायचे राहूनच गेले.