श्वासाची साक्ष

वर्धा जिल्ह्यांतील एखाद्या रस्त्यावर रात्रीं पोलीस मोटार थांबवितो, श्वासमापक यंत्राची नळी पुढें करतो आणि फुंकावयास सांगतो. हांकणारा नकार देतो. हा नकार त्याचा हक्क आहे काय?

प्रश्न क्षुल्लक नाहीं. सत्तेला 'नाहीं' म्हणण्याची थोर परंपरा याच जिल्ह्याची आहे. १९४० च्या ऑक्टोबरांत विनोबांनीं पवनारला युद्धविरोधी भाषण करून वैयक्तिक सत्याग्रहाचा आरंभ केला आणि ते तुरुंगांत गेले. राज्यघटनेचें विसावें कलमहि आरोपीवर स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ति करूं देत नाहीं. शिवाय १९७४ पासून या जिल्ह्यांत दारूबंदी आहे. त्यामुळें नळीपुढें उभ्या राहिलेल्या मनुष्यास पिऊन हांकल्याचें भय असतें, तसेंच मुळांत प्याल्याचेंहि असतें. या भयास आम्ही हंसत नाहीं.

तथापि नकारानकारांत भेद आहे. सत्याग्रही उघडपणें कायदा मोडतो व शिक्षा अंगावर घेतो. नळी नाकारणारा बहुधा सत्य झांकण्यासाठीं नाकारतो आणि शिक्षा चुकवूं पाहतो. पहिला आपल्या नकाराची किंमत स्वतः देतो. दुसऱ्याच्या नकाराची किंमत शेतावरून घरीं परतणाऱ्या मजुरास द्यावी लागण्याचा संभव असतो.

कोणी म्हणेल, श्वास ही साक्षच नव्हे काय? १९६१ सालीं काथी कालू ओघड याच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं, बोटांचे ठसे वा हस्ताक्षराचा नमुना देणें ही स्वतःविरुद्ध साक्ष नव्हे. आमच्या मतें श्वासासहि हाच न्याय लागू पडावा. जीभ मनांतलें सांगते, तिच्यावर सक्ति नको. श्वास देहाची स्थिति सांगतो. आणि ज्याच्या हातीं चाक आहे त्याची ती स्थिति खासगी राहत नाहीं.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्यानें शंभर मिलिलिटर रक्तांत तीस मिलिग्रॅम मद्यार्क ही मर्यादा घातली आहे. नकारानें गुन्हा आपोआप सिद्ध होत नाहीं. वाजवी कारण न दाखविल्यास तो सरकारपक्षाच्या पुराव्यास पुष्टि देणारा मानतां येतो, इतकेंच. हा तोल आम्हांस न्याय्य वाटतो. मात्र यंत्र चुकूं शकतें, म्हणून रक्ततपासणीची सोय वेळेवर झाली पाहिजे. आणि रस्त्याच्या रक्षणासाठीं मागितलेला श्वास घरांतील पेला शोधण्याचें निमित्त होतां कामा नये.

चाक हातीं घेण्याची सक्ति कोणावर नाहीं. ज्यानें तें स्वेच्छेनें घेतलें, त्यानें त्याच क्षणीं वाटसरूस शुद्धीवर राहण्याचें वचन दिलें. त्या वचनाचा हिशेब मागितला असतां तो देण्यांत मानभंग कसला, हें आम्हांस समजत नाहीं.