नश्वर वेगळं, तकलादू वेगळं

॥ श्रीगुरुभ्यो नमः ॥



हल्ली गुरुवारच्या सत्संगानंतर चहाच्या वेळी एक विषय हमखास निघतो, बंद पडलेल्या यंत्रांचा. परवा एका ताईंनी सांगितलं, वॉरंटी संपून तीन महिने झाले नाहीत तोच त्यांचं वॉशिंग मशीन बसलं. मेकॅनिक आला, म्हणाला बोर्ड गेला, पूर्णच बदलावा लागेल. बोर्डावरचा एखादा लहानसा भाग बिघडलेला असतो, पण सगळा बोर्ड डिंकासारख्या थरात असा बुडवलेला असतो की तो भाग काढता येत नाही. कुणाच्या फोनची बॅटरी आत चिकटवलेली. कुणाच्या इंडक्शनला बटणंच नाहीत, काचेवर बोट टेकवायचं. आणि स्वयंपाक करणाऱ्या बाईचं बोट ओलं असतं हे ते बनवणाऱ्याला कुणी सांगितलंच नाही. माझ्या सासूबाई चौऱ्याऐंशीच्या आहेत. जुन्या शेगडीची खटकी त्यांना अंधारातही सापडायची, या काचेवर त्यांना काहीच सापडत नाही.

असं सगळं चाललेलं असताना एक काका म्हणाले, "जाऊ द्या हो, सगळं नश्वरच आहे. देह टिकत नाही, तिथे मशीनचं काय घेऊन बसलात!" सगळे हसले आणि विषय संपला. माझ्या मनात मात्र तो संपला नाही. काकांचा मान राखून आज त्यावरच लिहिते आहे, कारण आपण अध्यात्मातले मोठे शब्द कधी कधी चुकीच्या जागी वापरतो असं मला वाटतं.

मडकं फुटतं, हे नश्वर. पण कुंभाराने मुद्दाम अर्धंच भाजलं, दिवाळीपर्यंत टिकावं आणि संक्रांतीला फुटावं असा हिशेब करून विकलं, तर त्याला नश्वर म्हणायचं का? ती लबाडी झाली. पहिल्या गोष्टीपुढे मान तुकवायची असते. दुसरीपुढेही मान तुकवली आणि त्याला वैराग्य म्हटलं, तर तो वैराग्याचाच अपमान आहे.

आपल्या संतांमध्ये कुंभार होते ना! तेरचे गोरोबाकाका. गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. संतमंडळी जमली होती, ज्ञानदेवांनी काकांना म्हटलं, तुम्ही मडक्यांची पारख करता, आमच्यात कोण कच्चं, कोण पक्कं ते सांगा. काकांनी थापटणं घेतलं आणि एकेकाच्या डोक्यावर वाजवलं. सगळे शांत बसले, नामदेव तेवढे रागावले, आणि काका म्हणाले हे मडकं कच्चं. पुढे नामदेव विसोबा खेचरांना शरण गेले, गुरुकृपा झाली, हा आपला नेहमीचा भाग. प्रवचनांतून आपण नामदेवांचंच बोलतो. मी आज थापटण्याबद्दल बोलते आहे. ते काकांच्या हाताशी का असायचं? मडकं वाजवून पाहिल्याशिवाय ते दुसऱ्याच्या घरी जाऊ नये म्हणून. ज्याच्या घरी ते जाणार, त्याचं पाणी त्यात राहणार आहे. कामातच विठ्ठल पाहणं म्हणतात ते हेच असावं, दुसरं काय?

आता याच्या अगदी उलट गोष्ट, तीही खरी. १९२४ साली जिनिव्हात विजेचे दिवे बनवणाऱ्या जगातल्या मोठ्या कंपन्यांनी आपसांत करार केला. तोवर दिवे दीड-दोन हजार तास चालायचे. ठरलं असं की आयुष्य हजार तासांवर आणायचं. दिवे तपासले जायचे, आणि ज्या कारखान्याचा दिवा ठरल्यापेक्षा जास्त टिकेल त्याला दंड! कंपन्यांचं म्हणणं, कमी तासांच्या दिव्याचा उजेड जास्त चांगला पडतो, आणि त्यात थोडं तथ्य होतंही. पण जास्त टिकला म्हणून दंड, याचं समर्थन मला तरी जमत नाही. इथेही थापटणं होतंच, फक्त पक्कं मडकं शोधून बाजूला काढण्यासाठी.

आजचा एलईडी बल्ब घ्या. खोक्यावर हजारो तास लिहिलेले असतात आणि वर्षाच्या आत तो लुकलुकायला लागतो. आतले बारीक दिवे बहुतेक वेळा ठणठणीत असतात. त्यांना वीज पुरवणारा भाग उष्णतेने जळतो, कारण खर्च वाचवायला त्याला पुरेशी हवा, पुरेसं धातू दिलेलं नसतं. कधी एका ओळीत जोडलेल्या दिव्यांपैकी एकच जातो आणि अख्खी ओळ अंधारते. नंदादीपात तेल घालता येतं, वात बदलता येते. या बल्बाला मात्र उघडायची सोयच नाही, तो टाकायचा आणि नवा आणायचा.

अस्तेय म्हणजे चोरी न करणं, हे यमांपैकी एक. आपल्याला वाटतं आपण कुठे कुणाच्या घरात शिरतो! पण दहा वर्षांचे पैसे घेऊन तीन वर्षांची वस्तू देणं ही सात वर्षांची चोरी आहे. ज्या घरात महिन्याचा हिशेब डब्यात ठेवलेल्या नोटांवर चालतो, तिथे ती चोरी मुलांच्या फीमधून होते. अशा बाईला आपण "सगळी माया आहे" म्हणून सांगायचं? ज्याला नवीन घेणं परवडतं त्यालाच माया म्हणणं परवडतं, असं मला स्पष्ट वाटतं.

म्हणून अन्याय दिसला तर बोलावं. पण कुणाशी आणि कसं, इथे साधकाची परीक्षा आहे. बहुतेक वेळा आपला सगळा संताप दारात उभ्या असलेल्या त्या सर्व्हिसच्या मुलावर निघतो. बोर्ड त्याने बनवला नाही, भाव त्याने ठरवला नाही. उन्हातून तीन मजले चढून आलेला असतो बिचारा. त्याला आधी पाणी द्यावं. तक्रार जिथे करायची तिथे करावी: बिल जपून ठेवावं, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक लिहून ठेवावा. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही, वकीलही लागतोच असं नाही. शांतपणे, कागद हातात घेऊन भांडता येतं, आणि त्याने जपात काही खंड पडत नाही!

फ्रान्समध्ये २०२१ पासून फोन, टीव्ही, वॉशिंग मशीन अशा वस्तूंवर दुरुस्तीला किती सोप्या याचे दहापैकी गुण लिहिणं सुरू झालं. म्हणजे थापटणं गिऱ्हाइकाच्या हातात दिलं. आपल्याकडेही केंद्र सरकारने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. दुकानात आपण रंग विचारतो, ऑफर विचारतो. याचे सुटे भाग मिळतात का, बॅटरी बदलता येते का, हे किती जण विचारतो? दहा बायकांनी विचारलं की दुकानदार पुढे विचारायला लागतो.

आणि अपरिग्रहाचं काय? तो आपल्या वाट्याचा यम. चालू फोन केवळ नवीन आला म्हणून बदलायचा, आणि मग वस्तू टिकत नाहीत म्हणून रडायचं, हे काही जुळत नाही. टाकलेली वस्तू कुठे जाते हेही बघावं. दिल्लीच्या सीलमपूरसारख्या वस्त्यांत बायका आणि मुलं उघड्या हातांनी जुने बोर्ड फोडतात. तांब्यासाठी तारा जाळतात, तो धूर छातीत घेतात. आपण अहिंसा म्हणून मुंगी वाचवतो आणि जुना चार्जर कचऱ्याच्या गाडीत टाकतो.

दत्तात्रेयांच्या चोवीस गुरूंमध्ये एक बाण करणारा कारागीर आहे. बाण सरळ करताना इतका तल्लीन, की समोरून राजाची मिरवणूक गेली ते त्याला कळलंच नाही. आमच्या इंदूरच्या जेल रोडवर भिंग डोळ्याला लावून फोनच्या बोर्डावर डाग देणारी पोरं बसतात, बाजूने हॉर्न, गर्दी, लग्नाची वरात, त्यांची मान वर होत नाही. मला दर वेळी तो शरकार आठवतो. अवधूतांनी अशांना गुरू केलं. आपण त्यांच्याशी पन्नास रुपयांसाठी घासाघीस करतो आणि मोठ्या शोरूममध्ये सांगितलेली किंमत मुकाट मोजतो, ही गंमतच आहे.

खंडेनवमीला आपण मिक्सरला, मशीनला, आता तर लॅपटॉपलाही हळदकुंकू वाहतो. शस्त्रपूजेच्या आदल्या दिवशी घरची माणसं हत्यारं घासून, धार लावून ठेवायची. पूजेचं खरं काम तेच होतं, फूल नंतर. तेव्हा फ्रिजच्या मागची जाळी पुसणं, मिक्सर भरभरून न चालवणं, मशीन खुर्चीवर चढवल्यासारखं डगमगतं न ठेवता पाया समतल करणं, व्होल्टेज वरखाली होत असेल तिथे स्टॅबिलायझर लावणं, ही पूजाच समजावी.

आपल्या केंद्रात विजेचं काम जाणणारे दोन निवृत्त गुरुबंधू आहेत. त्यांनी पुढच्या गुरुवारी आरतीनंतर तासभर बसायचं कबूल केलं आहे. मिक्सर, इस्त्री, पंखा, टेबललॅम्प, अशा उचलता येतील त्या वस्तू आणाव्यात, प्रत्येकीला नाव आणि काय बिघडलं ते लिहिलेली चिठ्ठी बांधावी. सुट्या भागांचे पैसे ज्याचे त्याने द्यायचे, मजुरी नाही. पूर्ण निकामी झालेले चार्जर, बॅटऱ्या, बल्ब यांसाठी दाराशी वेगळं खोकं ठेवलेलं असेल. ते भरलं की अधिकृत ई-कचरा संकलनाला देऊ. फुगलेली बॅटरी मात्र पिशवीत कोंबून आणू नका, आधी मला फोन करा.

॥ श्रीगुरुचरणार्पणमस्तु ॥

— एक सेविका, इंदूर केंद्र